आधी तलावातला मासा मोजा

अणुभट्टीचा अपघात म्हटला की डोळ्यांपुढे समुद्र येतो आणि लोक समुद्री मासा टाळायला लागतात. २४ ऑगस्ट २०२३ ला जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुप्रकल्पाचं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली. अशा बातम्या आल्या की आठवडी बाजारात सुकट, बोंबील घेणाऱ्यालाही शंका येते. दुसरीकडे, 'विदर्भाला समुद्रच नाही, आपल्याला काय त्याचं?' असंही ऐकायला मिळतं. आमच्या मते ही काळजीही चुकीच्या जागी आहे आणि ही निश्चिंतीही. हवेतून आलेलं सीझियम हे किरणोत्सारी द्रव्य गोड्या पाण्यात पडलं, तर ते माशाच्या अंगात समुद्रातल्यापेक्षा कितीतरी पट साठतं आणि कितीतरी वर्षं टिकतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, आहेत, घरोघरी त्यातलाच मासा शिजतो. म्हणून हा विषय आपला आहे.

अपघातानंतर माशाच्या बाबतीत मुख्यतः तीन द्रव्यं बघायची: आयोडीन-१३१, सीझियम-१३४ आणि सीझियम-१३७. आयोडीन ८ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे ८० दिवसांत साधारण हजारावा भाग उरतो. फुकुशिमाचा अपघात ११ मार्च २०११ चा. एप्रिलच्या सुरुवातीला शेजारच्या इबाराकीच्या किनाऱ्यावर कोनागो नावाच्या बारक्या माशात किलोमागे ४,०८० बेकरेल आयोडीन आणि ५२६ बेकरेल सीझियम सापडलं. (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन.) आयोडीनचा प्रश्न त्या उन्हाळ्यातच संपला. पण ते दोन-तीन महिने तान्ह्या मुलांना जपावंच लागतं. तेवढंच आयोडीन पोटात गेलं तर मोठ्या माणसापेक्षा बाळाला किरणांची साधारण आठपट मात्रा बसते. सीझियम-१३४ दोन वर्षांत निम्मं होतं आणि सीझियम-१३७ ला तीस वर्षं लागतात. खरा हिशेब याच्याशी आहे.

आता समुद्र आणि तलाव यांत फरक का पडतो ते बघू. सीझियम रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचं भावंड आहे, आणि माशाचं शरीर दोघांत फारसा भेद करत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, तलावात बहुधा जेमतेम काही मिलिग्रॅम. समुद्रातला मासा खारं पाणी पितो आणि जास्तीचे क्षार कल्ल्यांतून सतत बाहेर टाकतो, त्यात सीझियमही जातं. गोड्या पाण्यातल्या माशाचं उलट. पाणी आपोआप अंगात शिरतं, मूत्रपिंडं ते भराभर बाहेर काढतात, पण क्षार मात्र धरून ठेवावे लागतात. पोटॅशियमचा दुष्काळ असलेल्या पाण्यात मासा मिळेल ते सीझियम पोटॅशियम समजून स्नायूत भरतो. हिशेबासाठी वापरले जाणारे ढोबळ आकडे असे: समुद्री माशात पाण्याच्या सुमारे शंभरपट सीझियम, गोड्या पाण्यातल्या माशात दोन-अडीच हजारपट. तलावानुसार हा आकडा बराच खालीवर होतो.

फुकुशिमात हेच दिसलं. पहिल्या काही महिन्यांत तिथल्या समुद्री माशांच्या निम्म्याच्या आसपास नमुन्यांत किलोमागे १०० बेकरेलपेक्षा जास्त सीझियम होतं. २०१५ नंतर तसा नमुना क्वचितच मिळाला. कालव्या-माकुळांसारखे बिनकण्याचे जीव तर फार लवकर स्वच्छ झाले, म्हणून जून २०१२ मध्ये चाचणी मासेमारी सुरू झाली ती ऑक्टोपस आणि शंखांपासून. तळाशी राहणाऱ्या माशांना मात्र वेळ लागला. याउलट डोंगराकडच्या नदीत, इतातेजवळ, मार्च २०१२ मध्ये यामामे या ट्राउटच्या जातीत किलोमागे १८,७०० बेकरेल निघाले. समुद्रापासून दूरचं, डोंगरातलं गाव ते. १५ मार्च २०११ ला किरणोत्सारी ढग तिकडे सरकला आणि नेमका पाऊस-बर्फ पडला, एवढंच कारण. चेर्नोबिलनंतर स्वीडनमध्येही तेच झालं. तिथे इतर अन्नाची मर्यादा ३०० बेकरेल असताना तलावातल्या माशासाठी आणि शिकारीच्या मांसासाठी ती १,५०० ठेवावी लागली.

समुद्रालाही एक अपवाद आहे, तो म्हणजे प्रकल्पाचं स्वतःचं बंदर. तिथल्या गाळाजवळ राहणाऱ्या एका आयनामे माशात २०१३ मध्ये किलोमागे ७,४०,००० बेकरेल मोजले गेले, आणि मे २०२३ मध्येही एका माशात १८,००० होते. बातम्यांत फिरणारे भयानक आकडे बहुतेक या बंदरातले असतात. तिथून मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून तोंडाशी जाळी लावलेली आहे आणि तो मासा विकला जात नाही. उघड्या समुद्राचं चित्र बघायचं तर पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्नियाला पोचलेल्या ब्लूफिन ट्यूनाचं बघा. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांच्यात दोन्ही सीझियम मिळून सुक्या वजनाच्या किलोमागे सुमारे १० बेकरेल होतं. त्याच माशात निसर्गाचंच किरणोत्सारी पोटॅशियम-४० सुमारे ३५० बेकरेल होतं.

विदर्भाकडे येऊ. तारापूरचा अणुप्रकल्प समुद्रकाठी, शेकडो किलोमीटर दूर. गुजरातमधला काकरापारचा अणुप्रकल्प तापीवर आहे, पण तापी आपल्याकडून तिकडे वाहते, तिकडून इकडे नाही. पाण्यातून काही चढून येणार नाही. येईल ते हवेतून, आणि पडेल ते पावसासोबत. म्हणून दूरच्या अपघाताच्या वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ढग वरून गेला त्या दिवशी आपल्याकडे पाऊस होता का? कोरड्या दिवशी थोडंच खाली बसतं. पावसाच्या सरीत पडलेलं मात्र पाणलोटातून थेट तलावात येतं.

मोजायची वेळ आली तर हातातलं गायगर यंत्र माशाला लावून काही कळत नाही. किलोमागे १०० बेकरेल ही किरणं आजूबाजूच्या नैसर्गिक किरणांतच हरवतात. प्राथमिक चाळणीला सोडियम आयोडाइडचं यंत्र चालतं, पण त्याची नजर जाड असते. सीझियम-१३४ ची रेषा ६०५ केईव्हीला (केईव्ही म्हणजे किरणाच्या ऊर्जेचं माप) आणि मातीतल्या नैसर्गिक बिस्मथची ६०९ ला, या दोघांची त्यात सहज गल्लत होते. शेवटचा शब्द जर्मेनियम डिटेक्टरचा. तो द्रव नायट्रोजनने वजा १९६ अंशापर्यंत थंड करतात आणि शिशाच्या जाड पेटीत ठेवतात.

नमुना घेताना सगळ्यात जास्त चुका होतात. मासा धुऊन आतडी काढायची, कारण आतड्यात गाळ असतो आणि तो आकडा फुगवतो. मृगळासारख्या तळाशी चरणाऱ्या माशात तर हमखास. काटे काढून मांस बारीक चिरायचं आणि एक किंवा दोन लिटरच्या मॅरिनेली भांड्यात दाबून भरायचं. हे भांडं खालून खोलगट असतं आणि डिटेक्टरवर टोपीसारखं बसतं. मधे हवा राहिली तर घनता बदलते आणि उत्तर चुकतं. एका माशाचं मांस पुरत नाही, म्हणून एकाच तलावातले, एकाच जातीचे, साधारण एकाच आकाराचे मासे एकत्र करायचे. लहान मासे आणि झिंगे आपण अख्खे खातो, ते अख्खेच मोजायचे. मरळ वेगळा ठेवायचा. तो दुसरे मासे खातो, त्यामुळे त्यातलं सीझियम रोहू-कतल्यापेक्षा उशिरा चढतं, जास्त चढतं आणि उशिरा उतरतं. पहिल्या महिन्यात मरळ स्वच्छ निघाला म्हणून तलाव मोकळा करू नये.

आकडा आला की त्याचा अर्थ लावायचा. जपानची मर्यादा एप्रिल २०१२ पासून किलोला १०० बेकरेल आहे. १०० बेकरेलचा मासा आठवड्याला २०० ग्रॅम, वर्षभर खाल्ला तर पोटात साधारण १,०४० बेकरेल जातात. सगळं सीझियम-१३७ धरलं तर मोठ्या माणसाला १३-१४ मायक्रोसीव्हर्ट (शरीराला बसलेल्या किरणांचं माप) मात्रा बसते. निसर्गाकडून जगात सरासरी २,४०० मायक्रोसीव्हर्ट दरवर्षी मिळतातच. पण १८,७०० बेकरेलचा मासा तेवढाच खाल्ला तर वर्षाला अडीच हजार मायक्रोसीव्हर्ट जादा होतात. हा मासा खाऊ नये, हे स्पष्ट आहे.

स्वयंपाकघरात काय होतं? तळून, भाजून, मसाला लावून सीझियम नष्ट होत नाही, ते अणूतच आहे. मिठाच्या पाण्यात तुकडे भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकलं तर बराच भाग निघून जातो. रस्सा केला तर तो भाग वाटीतच राहतो. वाळवण्याचं मात्र नीट समजून घ्या. मासा वाळवला की पाणी उडतं, सीझियम राहतं, आणि किलोमागचा आकडा चार-पाच पट होतो. सुक्या माशात ४०० बेकरेल दिसले तर ओल्या माशात ते १०० च्या आसपास होते. त्यामुळे सुक्या माशाच्या आकड्याजवळ 'सुका की भिजवलेला' हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

तलावाचं काय करायचं, याचा एक अनुभव चेर्नोबिलच्या भागातून आहे. बेलारूसमधल्या स्व्यातोये तलावात १९९८ मध्ये पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपलं म्युरिएट ऑफ पोटॅशच, टाकलं गेलं. पुढच्या काही वर्षांत माशातलं सीझियम निम्म्याहून खाली आलं. पण त्याच पोटॅशने गाळातलं सीझियम सुटून पाण्यात आलं, आणि पाण्याचा आकडा दोन-तीन पट वाढला. ज्या तलावाचं पाणी पाटाने धानाच्या बांध्यांत जातं, तिथे हा उपाय विचार न करता करायचा नाही. बांधीत मात्र पोटॅश चांगलं काम करतं. फुकुशिमात भाताच्या मातीत दर १०० ग्रॅमला २५ मिलिग्रॅम पोटॅश राहील इतकं खत दिलं गेलं, आणि तांदळातलं सीझियम घटलं.

आणि गाळ. उन्हाळ्यात तलावाचा गाळ उपसून शेतात टाकायची आपली चांगली पद्धत आहे, एरवी ती चालूच ठेवावी. पण सीझियम चिकणमातीला चिकटतं आणि तळाशी बसतं, त्यामुळे अपघातानंतर पाणी स्वच्छ दिसत असतानाही वरच्या काही सेंटिमीटर गाळात ते असू शकतं. तो गाळ ट्रॅक्टरने बांधीत गेला की माशाचा प्रश्न भाताचा होतो. अशा वर्षी उपसा सुरू करण्याआधी प्रवेशाच्या तोंडाशी, मधोमध आणि पाळीजवळ, अशा तीन जागांचा वरचा पाच सेंटिमीटर गाळ वेगवेगळ्या पिशव्यांत घ्यावा, पिशवीवर जागा आणि तारीख लिहावी, आणि मोजणी येईपर्यंत ट्रॅक्टर थांबवावेत.