पन्नाशीच्या अलीकडच्या गाड्यांसाठी एक पत्र

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. कायद्याच्या भाषेत ‘व्हिंटेज’ म्हणजे पन्नास वर्षांपुढची गाडी, म्हणून तिला ‘व्हिंटेज’ व्हायला २०३३ उजाडेल. यामाहा आरएक्स १०० ला २०३५. तोवर या गाड्या सरकारदरबारी नुसत्या ‘जुन्या’. मोडीच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या.

व्हिंटेज गाड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम आले, आणि ते वाईट नाहीत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला ५,०००. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. ज्या गाडीची नोंदणी आधीपासून आहे तिला जुनाच क्रमांक ठेवता येतो. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची, रोज ऑफिसला न्यायची नाही. हे सगळं मान्य. अडचण व्याख्येत आहे, आणि नियम बदलावा म्हणून सरकारला पत्र लिहायचं तर व्याख्येवरच लिहायला हवं.

वय मोजलं जातं ते पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून, गाडी बनली त्या सालापासून नाही. लष्कराच्या लिलावातून आलेली जीप १९४४ ची असली आणि नागरी नोंदणी १९८२ ची असली, तर ती या नियमात २०३२ साली बसणार. शिवाय नियम फक्त दुचाकी आणि चारचाकींचा. तीनचाकीचा त्यात उल्लेखच नाही. म्हणजे जुनी रिक्षा कुणी कितीही जिवापाड जपली तरी तिला या दारातून प्रवेश नाही.

दुसरी अट मूळ रूपाची. चासिस (गाडीचा सांगाडा), बॉडी शेल (बाहेरचा पत्र्याचा सांगाडा) किंवा इंजिनात मोठा बदल झाला असेल तर गाडी बाद. हेतू बरोबर आहे, कारण चार गाड्यांचे भाग जोडून ‘१९५० ची’ गाडी उभी करणारे महाभाग आहेतच. पण इंजिन बदललं म्हणजे नक्की काय, हे नियम उलगडून सांगत नाही. त्याच मॉडेलचं त्याच काळातलं दुसरं इंजिन बसवणं वेगळं आणि पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन घालणं वेगळं. ६ व्होल्टची वायरिंग १२ व्होल्टवर नेली, सीटबेल्ट बसवले, पुढे डिस्क ब्रेक लावले, तर कटिंग-वेल्डिंग न करता बोल्टने बसलेले हे बदल परत काढता येतात. सुरक्षेसाठी केलेल्या अशा बदलांना सूट हवी, आणि ती नियमात शब्दांत लिहिलेली हवी. नाहीतर निकाल तपासणी करणाऱ्याच्या मर्जीवर राहतो.

आता मधल्या, म्हणजे जुन्या पण पन्नाशी न गाठलेल्या गाड्या. पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी पुन्हा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला त्याचं शुल्क १०,००० रुपये, दुचाकीला २,००० आणि आयात केलेल्या कारला ८०,०००. वर राज्याचा पर्यावरण कर. महिन्यातून एका रविवारी निघणाऱ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी कारला आणि रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीला एकच माप. दिल्ली परिसरात तर डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. तिथे प्रश्न वयाचा होता, धुराचा नाही.

खरं म्हणजे धूर मोजायची सोय नियमात आधीपासून आहे आणि तीही गाडीच्या सालानुसार. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, त्या काळातल्या पेट्रोल कारला ३ टक्के. नीट ट्यून केलेली जुनी गाडी यात बसते. न बसण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: इंजिन थंड असताना चाचणी, अडकलेला चोक, मळलेला एअर फिल्टर, पेट्रोल-हवेचं मिश्रण ठरवणारा, गरजेपेक्षा रिच (जास्त पेट्रोलचा) ठेवलेला मिक्श्चर स्क्रू. पंधरा मिनिटं गाडी चालवून गरम इंजिनावर पीयूसी केली की निम्मी भांडणं मिटतात. वयाऐवजी धूर मोजा, हे म्हणणं मांडताना हाच नियम पुढे करावा.

मागणी काय असावी? जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ तीस वर्षांपुढची, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वाहतुकीत नसलेली गाडी ऐतिहासिक मानते. जर्मनीत ऐतिहासिक गाड्यांना मिळणाऱ्या ‘एच’ नंबरपाटीचा उंबरठाही तीस वर्षांचाच. आपल्याकडे तीस ते पन्नास वर्षांसाठी मधला वर्ग मागावा. वापर मर्यादित, विमा आणि पीयूसी सक्तीचे, शुल्क कमी. ‘सगळ्या जुन्या गाड्यांना सूट द्या’ असं लिहिलंत तर पत्र तिथेच संपलं.

पत्रं मात्र दोन लागतात, आणि इथेच जुन्या गाड्यांचे बहुतेक क्लब चुकतात. नोंदणीचे हे नियम आणि शुल्क केंद्राचं, वाहनावरचा कर राज्याचा. शुल्काची तक्रार राज्याच्या परिवहन मंत्र्यांकडे पाठवली तर ती नुसती फिरत राहते. केंद्रीय नियम आधी मसुदा म्हणून राजपत्रात येतात आणि हरकती मागवल्या जातात. व्हिंटेज नियमांचा मसुदा नोव्हेंबर २०२० मध्ये आला होता आणि मुदत तीस दिवसांची होती. ही मुदत चुकवू नका. नियम झाल्यावर संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवले जातात आणि सभागृहाला त्यात बदल सुचवता येतो, म्हणून एक प्रत आपल्या खासदारांना.

पत्र एका पानाचं. वर नियमाचा क्रमांक, खाली सध्याचं वाक्य, त्याखाली तुम्हाला हवं ते वाक्य जसंच्या तसं. भावनेचा परिच्छेद नको, वडिलांची स्कूटर होती वगैरे तर नकोच. क्लबने दोनशे जणांच्या सह्यांचं एकच पत्र पाठवण्यापेक्षा वीस जणांनी आपापल्या गाडीची खरी अडचण लिहिलेली वीस पत्रं चांगली.

त्याआधी स्वतःची कागदपत्रं तपासा. हाताने लिहिलेली पुस्तकी आरसी सरकारच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढलेली नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री (जुन्या नोंदीची संगणकात नोंद) करून घ्यावी लागते. त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकतच नाही. चासिस क्रमांकावर पुट्टी किंवा रंगाचे थर असतील तर थिनर आणि कापडाने हलकेच काढा. सँडपेपर किंवा ग्राइंडर लावू नका, कारण अक्षरं झिजली की क्रमांक खोडल्याचा संशय येतो. मग पेन्सिलने ठसा घेऊन आरसीशी एकेक अक्षर ताडून पहा. ८ चा ३ आणि ओ चा शून्य झालेला हमखास सापडतो. ही दुरुस्ती नूतनीकरणाच्या आधी करून घ्या. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधीपासून देता येतो, म्हणजे दुरुस्ती त्याहून दोन-तीन महिने आधी सुरू करायला हवी.