वजनकाट्यावर सापडलेले दुखणे

भोसरी एमआयडीसीतील आमच्या कार्यशाळेत बहुतेक काम टेम्पो आणि ट्रकच्या बॉडीचे असते. बंद ट्रेलरच्या आतल्या बांधणीचे काम क्वचितच येते. त्यामुळे मुळशी परिसरात साहसी सहली भरवणारे एक गृहस्थ आपला कोरा, पत्र्याचा बंद ट्रेलर पिकअपमागे जोडून घेऊन आले, तेव्हा मला त्यात विशेष रस वाटला. त्यांच्याकडे चार एटीव्ही, म्हणजे मोटारसायकलसारखे वर बसून खडबडीत वाटेवर चालवायच्या चारचाकी गाड्या, होत्या. दोन मोठ्या, प्रत्येकी सुमारे 320 किलो वजनाच्या, आणि दोन मुलांसाठीच्या, प्रत्येकी सुमारे 115 किलोच्या. आजवर ते त्या नायलॉनच्या दोराने जमेल तशा बांधून नेत असत. त्यांना हव्या होत्या कड्या, चांगला रॅम्प आणि आत दिवा. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : पिरंगुटचा घाट उतरताना ट्रेलरचे शेपूट डोलते, बहुधा टायरमधली हवा कमी-जास्त होत असावी. मला मात्र त्या डोलण्याचीच काळजी वाटली. कड्यांचे काम कुणीही करील.

रॅम्पने आमची बरीच परीक्षा पाहिली. दोन मोठ्या एटीव्ही शेजारी-शेजारी मावाव्यात म्हणून ट्रेलरची आतील रुंदी 2.45 मीटर ठेवलेली होती, आणि बाहेरून 2.6 मीटरची कायदेशीर मर्यादा ओलांडता येत नसल्यामुळे चाके फरशीच्या खाली गेली होती. साहजिकच फरशी जमिनीपासून 80 सेंटिमीटर उंच झाली होती. मागचे दार खाली पाडून त्याचाच रॅम्प करायचा, तर लांबी 2.1 मीटरच मिळते आणि चढ सुमारे 22 अंशांचा होतो. दाराच्या टोकाला 40 सेंटिमीटरची घडीची पट्टी बिजागरीने जोडल्यावर तो 19 अंशांच्या आसपास आला. तरीही मोठी गाडी कोणी वर बसून चढवू नये, असे माझे मत होते. एक गाडी आत उभी असताना दुसरीवरून उतरायला बाजूला वीतभरही जागा उरत नाही, आणि बंद पेटीत इंजिन चालू ठेवणे म्हणजे विषारी धूर कोंडून घेणे. म्हणून पुढच्या भिंतीपाशी 12 व्होल्टची विंच, म्हणजे दोर गुंडाळत गाडी आत ओढणारे यंत्र, बसवली आणि माणसाच्या ये-जा करण्यासाठी पुढे बाजूचे लहान दार कापले.

हवेच्या झरोक्यांवरून मालकांशी थोडा वाद झाला. त्यांचे म्हणणे होते, छताला एक झरोका आहे तो पुरे. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत साचते. तेव्हा समोरासमोरच्या भिंतींत अगदी खाली जाळीचे झरोके ठेवले, बाहेरून चिखल उडू नये म्हणून त्यांवर पत्र्याच्या टोप्या बसवल्या, आणि विंचची बॅटरी व दिव्याचे बटण दोन्ही उंचावर घेतले.

फरशी आणि रॅम्प झाल्यावर, पण एकही कडी वेल्ड करण्यापूर्वी, मी ट्रेलर नेहमीप्रमाणे भरायला सांगितला आणि आम्ही मोशी रस्त्यावरच्या वजनकाट्यावर गेलो. मालकांची पद्धत ठरलेली होती : लहान गाड्या पुढे, मोठ्या मागे, कारण मुक्कामी पोहोचल्यावर त्यांचा मार्गदर्शक आधी मोठी गाडी काढून वाट पाहून येतो. पिकअप सोडवून, ट्रेलरचे नाक पेलणारा पुढचा जॅक खाली घेऊन, संपूर्ण ट्रेलर काट्यावर उभा केला. वजन भरले 1720 किलो. मग तो थोडा पुढे ओढून फक्त चाके काट्यावर ठेवली आणि जॅक बाहेरच्या जमिनीवर टेकवला. आता काटा 1660 दाखवू लागला.

काट्यावरचा मुलगा म्हणाला, "साहेब, साठच किलो कमी झाले, मग अडचण काय?"

अडचण त्या साठ किलोंतच होती. दोन वजनांतला फरक म्हणजे ट्रेलर पिकअपला ज्या हुकाने जोडतात, त्या हुकावर पडणारा भार. अशा ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर असावा, असा संकेत आहे. इथे तो साडेतीन टक्केच होता. नाक हलके आणि शेपूट जड असा ट्रेलर वाऱ्याच्या झोताने किंवा स्टिअरिंगच्या झटक्याने एकदा बाजूला सरकला की परत येताना पलीकडे जातो, आणि वेग वाढेल तशी ही लहर वाढत जाते. उतारावर तर ट्रेलरच पिकअपला ढकलत असतो. टायरमधली हवा तपासून हे दुखणे बरे होणारे नव्हते.

तिथेच काट्याशेजारच्या मोकळ्या जागेत चारही गाड्या उतरवून मोठ्या पुढे आणि लहान मागे घेतल्या. उन्हात हे करताना सगळेच वैतागले, आणि मालकांनी तर घड्याळ दाखवून दोनदा सुचवले की हे कागदावर मोजता आले असते. आले असतेच, पण कागदावरच्या आकड्याने त्यांनी वर्षानुवर्षांची सवय बदलली नसती. पुन्हा वजन केले. एकूण अर्थातच तेवढेच, 1720, चाकांवर 1505. हुकावर 215 किलो, म्हणजे साडेबारा टक्के. पिकअपच्या हुकाची मर्यादा त्याहून बरीच जास्त होती.

मालक बराच वेळ त्या दोन पावत्या शेजारी-शेजारी धरून पाहत होते. मग त्यांनी विचारले, "गाड्यांचा क्रम आहे तसाच ठेवून चाकांचा धुराच मागे सरकवला तर?" सुमारे 25 सेंटिमीटर धुरा मागे नेला असता तर हुकावरचा भार दहा टक्क्यांच्या जवळ गेलाही असता, आणि आमच्या वेल्डरकाकांच्या हाताला ते काम जड नव्हते. पण ट्रेलर नोंदणीकृत होता, आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. मी स्पष्ट नकार दिला.

त्याऐवजी आतली बांधणीच अशी केली की गाड्या उलट्या क्रमाने भरताच येऊ नयेत. पुढच्या चाकांना अडवणारे पोलादी अडसर पुढच्या भागात मोठ्या गाड्यांच्या मापाने आणि मागच्या भागात लहान गाड्यांच्या मापाने पक्के वेल्ड केले. मोठी गाडी मागच्या अडसरात बसवली तर रॅम्पचे दार मिटतच नाही. कड्या प्लायवूडमध्ये नुसत्या स्क्रूने न लावता खालच्या आडव्या चॅनलपर्यंत बोल्ट नेऊन, खालून जाड पट्टी देऊन आवळल्या. प्रत्येक गाडीला चार रॅचेट पट्टे, म्हणजे दांड्याने आवळायचे पट्टे, आणि ते सामानाच्या जाळीला न अडकवता चौकटीला. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फारच कमी असते, त्यामुळे खड्ड्यांत गाडी खालीवर होऊन पट्टे ढिले पडतात. म्हणून पट्टे आवळताना सस्पेन्शन थोडे दाबून घ्यायचे आणि थोड्या अंतरावर थांबून पुन्हा तपासायचे, हे मी त्यांच्या चालकाकडून प्रत्यक्ष करून घेतले. मार्गदर्शकाच्या अडचणीचे उत्तर सोपे निघाले : लहान गाड्या दोन माणसे सहज ढकलत खाली आणतात.

ट्रेलर ताब्यात घेताना मालकांनी विचारले, मधल्या जागेत मुलांची आणखी एक गाडी तिरपी बसेल का. जागा थोडीफार होती. मी नोंदणी पुस्तक उघडून मंजूर एकूण वजनाच्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे 1800 किलो लिहिलेले होते, आणि भरलेला ट्रेलर अडसर व कड्यांमुळे आता 1720 च्याही पुढे गेला होता. थोडी कुरकुर करून त्यांनी ती पाचवी गाडी पिकअपच्या हौद्यात घेण्याचे कबूल केले, आणि तिथेही चार कड्या बसवून द्या, म्हणून लगेच नवे काम सांगितले.