रागाला पत्ता लागतो

क्रिकेटमध्ये भारत हरला की राग काढायला अख्खं गाव सोबतीला असतं. रिक्षावाला, बँकेतला कॅशियर, सोसायटीचा वॉचमन, सगळ्यांना ठाऊक असतं की शेवटची ओव्हर कुणाला द्यायला नको होती. फुटबॉलमध्ये भारत हरला तर आधी मॅच होती हे सांगावं लागतं. मग कुणाशी होती ते. मग कशासाठी होती ते. एवढं होईतो आपला राग निवलेला असतो आणि समोरच्याला आपलीच कीव यायला लागलेली असते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरनं आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशियाई कपाचं दार बंद झालं. चौदाव्या मिनिटाला छांगतेनं गोल केला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. मध्यांतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-याँगनं एक परत केला, मध्यांतरानंतर दुसरा घातला, आणि मग आपण शेवटपर्यंत बॉल नुसता इकडून तिकडे देत राहिलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोंड पाडून बसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी आपुलकीनं विचारलं, काय झालं. सांगितलं. ते म्हणाले, "सिंगापूरची फुटबॉल टीम आहे?" म्हटलं, आहे. त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "आणि आपली पण आहे?"

हे सगळं कोल्हापुरात, बरं का. जिथं वर्ल्ड कप आला की गल्लीच्या एका टोकाला अर्जेंटिनाचा झेंडा लागतो आणि दुसऱ्या टोकाला ब्राझीलचा, आणि मधे राहणाऱ्यांनी कुठल्या बाजूनं घरी जायचं याचाही राजकीय अर्थ निघतो. जिथं तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि शिवाजी पेठेतला माणूस मंगळवार पेठेतल्या सोयऱ्याशी मॅचच्या दिवशी जेवढ्यास तेवढं बोलतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगदाण्याची पुडी सोडत चार तास बसणारी माणसं इथं आहेत. पण भारताच्या मॅचचा विषय काढला की हीच मंडळी "बघू, लागली तर लावू" म्हणतात. त्यांना दोष द्यावा तर २०१७ साली अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये आमचा अनिकेत जाधव खेळला तेव्हा यांनीच टीव्ही रस्त्यात आणून ठेवले होते. मग मधे बिघडलं कुठं?

माझं म्हणणं असं की रागाला पत्ता लागतो. तालमीचा संघ हरला की तो पत्ता आम्हाला पाठ असतो. तालमीचे अध्यक्ष रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर येणारच. तिथं म्हशी बांधलेल्या असतात, समोर धार काढतात, कोमट दुधाचा फेस ग्लासच्या वर आलेला असतो आणि तो फेस अध्यक्षांच्या मिशांना लागलेला असताना कुणीतरी विचारतं, "काय मालक, त्या पोराला बाहेर का बसवला?" अध्यक्ष म्हणतात, "गुडघा धरलाय त्याचा." दुसरा म्हणतो, "गुडघा धरलाय, तर सकाळी खासबागेला जोर मारताना दिसला त्यो कोण?" अध्यक्ष चिडतात, "तू ये खेळायला." पण उत्तर द्यावंच लागतं. ग्लास अर्धा टाकून उठता येत नाही, कारण उद्या पुन्हा इथंच यायचंय, परवा याच माणसाकडं वर्गणी मागायचीय आणि मेच्या मुहूर्तावर त्याच्याच पुतणीच्या लग्नात अक्षता टाकायच्यात. आमच्या स्थानिक फुटबॉलला सोवळ्यात बसवायचा माझा विचार नाही. मैदानावरच्या हाणामाऱ्यांपायी पोलिसांनी स्पर्धा थांबवल्याचे दिवसही आम्ही बघितलेत. पण हरल्यावर कुणाला धरायचं, हा प्रश्न कधी पडला नाही.

भारतीय संघाच्या बाबतीत आपल्याला पत्ता एकच माहीत असतो, कोचचा. तो साइडलाइनवर उभा असतो, कॅमेरा त्याच्यावर जातो, मॅचनंतर माइकसमोर त्यालाच बसावं लागतं. म्हणून सगळा टपाल त्याच्या दारात.

इगोर स्टीमाच हे टपाल घ्यायला जन्मालाच आले होते. १९९८ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे ते बचावपटू. २०१९ मध्ये इथं आले आणि पाच वर्षं राहिले. २०२३ च्या सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध आपण आरामात पुढे असताना या गृहस्थांनी थ्रो-इन घ्यायला आलेल्या पाकिस्तानी खेळाडूच्या हातातला बॉल मागून उडवला आणि लाल कार्ड घेतलं. भारत ४-० जिंकला आणि कोच बाहेर! मला ते मनापासून आवडलं होतं, खोटं कशाला बोला. त्याच वर्षी बातमी आली की २०२२ च्या आशियाई कप पात्रता सामन्यांआधी त्यांनी खेळाडूंची नावं एका ज्योतिषाला कळवून कुणाचे ग्रह चांगले आहेत हे विचारून घेतलं होतं, आणि त्या ज्योतिषाची गाठ घालून दिली होती अखिल भारतीय फुटबॉल महासंघातल्याच एका बड्या अधिकाऱ्यानं. लोक हसले. मी आकडे काढून बसलो. कोलकात्यातले ते तिन्ही सामने आपण जिंकलो होतो. ज्योतिषाला कशाला हाकलला, असं वाटून गेलं.

मग २०२४ उजाडलं. आशियाई कपमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तीन सामने आणि आपला गोल शून्य. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२. कर्णधार सुनील छेत्रीचा दीडशेवा सामना, गोलही त्याचाच, आणि हार. जूनमध्ये दोहाला कतारविरुद्ध आपण आघाडीवर असताना बॉल गोललाइनच्या बाहेर स्पष्ट गेला होता, त्यांनी तो आत ओढून गोल केला, पंचांनी दिला. तिथं राग पंचांवर काढायचा हक्क होता आणि तो मी पुरेपूर वापरला. आठवडा उलटला नाही तोच स्टीमाच गेले. जाता जाता त्यांनी महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांच्यावर तोफ डागली, आणि महासंघानं भरपाईपोटी सुमारे ४ लाख डॉलर मोजले. त्या पैशात कोल्हापूर जिल्ह्यातल्या किती शाळांच्या मैदानांवरचे दगड वेचून झाले असते, हा हिशेब मी मुद्दाम करत नाही. बीपीची गोळी चालू आहे.

त्यानंतर मानोलो मार्केझ. भला माणूस. पण एफसी गोवा हा क्लबही त्यांच्याकडं आणि देशही त्यांच्याकडं, म्हणजे देशाचा कोच ही जोडधंद्यासारखी गोष्ट. आठ सामने, जिंकला एक, तो मालदीवशी, आणि त्यासाठीही चाळिशीतल्या छेत्रीला निवृत्तीतून परत आणावं लागलं. हाँगकाँगला भरपाईच्या वेळेतल्या पेनल्टीवर हरल्यावर मानोलोही गेले.

पुढचा अंक तर कुणी लिहून दिला असता तर अतिशयोक्ती म्हणून परत केला असता. नव्या कोचसाठी अर्ज मागवले. शंभरावर आले. बातमी फुटली की त्यात बार्सिलोनाचा माजी खेळाडू आणि कोच चावी याचा अर्ज आहे, आणि तो परवडणार नाही म्हणून बाजूला ठेवला! दोन दिवस जगभर आपलं नाव झालं. मग महासंघानंच सांगितलं की चावीच्या आणि पेप ग्वार्डिओलाच्या नावानं आलेले ते ईमेल खरे नव्हते. माझा मावसभाऊ म्हणाला, "अरे, आमच्या पतसंस्थेत शिपायाच्या अर्जाला पण आधारची झेरॉक्स लागते."

आता जरा महासंघाच्या अध्यक्षांकडे वळू. प्रियरंजन दासमुन्शी वीस वर्षं अध्यक्ष होते. त्यांच्यामागून आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल आले, ते २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बाजूला करेपर्यंत. पटेलांच्या काळात बॉब हाउटन, आर्मांडो कोलासो, सावियो मदेरा, विम कुवरमान्स, स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्टीमाच असे सहा कोच झाले. कोलासो आणि मदेरा तर आपल्या शेजारच्या गोव्याचे. या सहाही जणांविरुद्ध केव्हा ना केव्हा "हाकला याला" असं मी म्हटलंय. खुर्ची मात्र एकच होती आणि तिच्याबद्दल मी चकार शब्द काढल्याचं आठवत नाही, कारण ती मला कुठं दिसतच नव्हती.

दिसली ती एकदाच, २०२२ च्या ऑगस्टमध्ये. न्यायालयानं प्रशासक नेमलेले, आणि फिफानं बाहेरचा हस्तक्षेप म्हणून १५ ऑगस्टच्या रात्री भारतालाच निलंबित केलं. मुहूर्त बघा. अकरा दिवसांत निलंबन उठलं, सगळ्यांनी निःश्वास सोडला. पण गोकुलम केरळाच्या मुली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. बॅगा उघडून बूट बाहेर काढायची वेळ, आणि निरोप आला की तुम्हाला खेळता येणार नाही. त्या न खेळता परत आल्या. त्यांच्याकडून एकही चुकीचा पास गेला नव्हता. कोचची चूक नाही, पंचांची नाही, गवताची नाही. शिव्या कुणाला घालायच्या?

सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली. एकीकडं माजी गोलकीपर कल्याण चौबे, दुसरीकडं भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया. निकाल ३३ विरुद्ध १. देशाच्या फुटबॉलमधलं सगळ्यात ओळखीचं नाव, आणि मत एक! ते एक मत देणारा भेटला तर त्याला मी फडतरेंची मिसळ खाऊ घालीन, कट जादा घालून. उरलेले ३३ जण मात्र निर्धास्त आहेत. ते आपल्यातलेच, कुठल्या ना कुठल्या राज्य संघटनेचे. त्यांच्याही गावात चहाची टपरी असेल, पण तिथं त्यांना कुणी अडवत नाही.

२०१८ च्या जूनमध्ये छेत्रीनं जे केलं ते म्हणूनच मला विसरता येत नाही. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर चायनीज तैपेईला आपण ५-० हरवलं, त्यात त्याची हॅटट्रिक, आणि बघायला माणसं होती २,५६९. दुसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओ टाकला. टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, असं त्याचं सांगणं. पुढची केनियाची मॅच, त्याचा शंभरावा सामना, तिकिटं संपली. पाऊस असा कोसळत होता की पलीकडचा गोलपोस्ट पुसट दिसावा, आणि भिजलेली माणसं ओरडत होती. मी विरारच्या मेहुण्यासोबत गेलो होतो. त्याला ऑफसाइड कळत नाही, पण शेवटी घसा त्याचाच बसला. आपण जिंकलो, तरी मला आठवतो तो वेगळाच भाग. पहिल्यांदाच भारतीय फुटबॉलमधल्या कुणीतरी स्वतःहून पुढे येऊन सांगितलं होतं की बाबांनो, राग इथं आणून द्या. आणि तो सांगणारा खेळाडू होता. महासंघाच्या लेटरहेडवर असं वाक्य मी अजून वाचलेलं नाही.

सध्या कोच खालिद जमील आहेत, म्हणजे कितीतरी वर्षांनी भारतीय माणूस, तोही मुंबईच्या फुटबॉलमध्ये मुरलेला. आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारे हेच. आल्या आल्या ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात हरवलं, ओमानला पेनल्टीवर. तिकडं महासंघाचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा पंधरा वर्षांचा करार संपत आलेला, नवा होईना, आणि २०२५-२६ ची आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात मोठी क्लब लीग, तेव्हा सुरूच होईना. हंगाम न खेळलेली पोरं घेऊन खालिदभाईंनी सिंगापूरशी लढायचं. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून ०-१ हरलो, २००३ नंतर पहिल्यांदा, आणि क्रमवारीत १४२ वर घसरलो. १९९६ साली आपण ९४ वर होतो.

ढाक्याची शिट्टी वाजली आणि मावसभावाचा मेसेज आला, "कोच हाकला." मी लिहिलं, याला नको, याची चूक नाही. त्याचं उत्तर, "मग कुणाला हाकलायचं सांग, आपण हाकलू." मी शोधशोध करून महासंघाला मतं देणाऱ्या राज्य संघटनांची यादी काढली आणि त्याला पाठवली. थोड्या वेळानं निळ्या टिका आल्या. मग मेसेज: "लई मोठी हाय भावा. रविवारी बघतो."