कार्पेट उखडायचं की राहू द्यायचं?

आमच्या न्यू जर्सीच्या घरातलं कार्पेट बदलायला झालंय यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे, वाद आहे तो पुढचा, म्हणजे परत कार्पेटच टाकायचं की सरळ लाकडी नाहीतर व्हिनाईलच्या पट्ट्या. घर घेतलं तेव्हा हे बेज प्रकरण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलेलंच मिळालं. बेजच का ते कळत नाही. हळद औषधाच्या गोळीतून खाणाऱ्यांना परवडत असेल, आमच्याकडे रोज वरण होतं.

डायनिंग टेबलाखाली बघितलंत तर मुलांच्या वयाचा सगळा हिशेब लागेल. इथे कुठलाही डाग सांगा, लोक बेकिंग सोडा सांगतात, नवऱ्याने भक्तिभावाने तो कालवून लावला आणि पिवळा डाग लालसर झाला! हळदीतलं पिवळं करक्युमिन सोड्यासारखी अल्कली लागली की लाल पडतं, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच केमिस्ट्रीवर, त्यामुळे आमच्या टेबलाखाली आपोआप हळदीकुंकू पार पडलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, उन्हात टाक की." बरोबरच आहे तिचं, करक्युमिन उन्हाने उडतं, तिने आयुष्यभर आमचे कपडे असेच साफ केलेत. पण अख्ख्या खोलीला ठोकून बसवलेलं कार्पेट उन्हात कसं टाकणार?

माझं खरं भांडण इथेच आहे. सतरंजी उचलता येते, गॅलरीच्या कठड्यावर टाकून बदडता येते, गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकता येतो. हे मात्र एकदा बसवलं की मरेपर्यंत उचलायचं नाही आणि वरून वरून व्हॅक्यूम फिरवत "स्वच्छ आहे" म्हणायचं. आई आली होती तेव्हा पहिल्याच दिवशी झाडू शोधत होती, मी व्हॅक्यूम करून दाखवला तर म्हणाली, "हे झालं, पण केर कुठाय?" मग मशीनचा डबा उघडून दाखवला, त्यातला करडा लगदा बघितल्यावर तिने खाली बसून भाजी निवडायचं बंद केलं ते शेवटपर्यंत. कार्पेटमध्ये राहणारे ते बारीक डस्ट माइट्स आपल्याच त्वचेच्या कोंड्यावर जगतात हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

कार्पेटच हवं म्हणणाऱ्या नवऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही. जानेवारीत सकाळी पाय खाली ठेवला की कार्पेटची किंमत कळते, आणि वर मुलं धावली तरी खाली बसलेल्याला छत कोसळल्यासारखं वाटत नाही. जिन्याच्या बाबतीत तर मी पूर्ण हरले. आपण घरात चपला-बूट घालत नाही, थंडीत सगळे मोज्यांवर, आणि गुळगुळीत लाकडी पायरीवर मोजे म्हणजे सरळ हाडाच्या डॉक्टरकडे. सासरे दरवर्षी उन्हाळ्यात येतात, गुडघे दुखतात त्यांचे. जिन्याला कार्पेट राहणार, विषय संपला.

दुकानात गेलो तर तिथला माणूस आधी नायलॉन की पॉलिएस्टर विचारतो. नायलॉन महाग पण दबलेलं परत उभं राहतं. पॉलिएस्टर मऊ, स्वस्त, चहा सांडला तर फारसा पीत नाही, पण वर्दळीच्या वाटेवर लवकर चपटं होतं आणि तेल धरून ठेवतं. तेल! फोडणीच्या घरात अजून काय सांगायचं. खालच्या पॅडचं तर उलटंच गणित आहे, आपल्याला वाटतं जितकं जाड तितकं बरं, पण घरात साधारण ७/१६ इंचापेक्षा जाड पॅड घालू नये म्हणतात, कारण पाऊल जास्त खोल गेलं की कार्पेटची पाठच सुटायला लागते. आणि रोल बहुतेक १२ फूट रुंदीचे असतात. आमचा हॉल १३ फुटांचा. म्हणजे एका फुटासाठी एकतर जोड दिसणार नाहीतर जादा माल घेऊन तुकडे कचऱ्यात, पैसे मात्र सगळ्याचे.

अमेरिकेतली बहुतेक कार्पेट्स जॉर्जियातल्या डाल्टन गावाच्या आसपास बनतात. तिथे कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीने हाताने सुताचे गोंडे भरून पलंगपोस बनवायला घेतले, १९०० साली पहिला विकला अडीच डॉलरला, मग गावोगावच्या बायका ते करायला लागल्या, मग मशीन आली आणि त्याच टाक्यातून पुढे कार्पेट निघालं. मला हे फार आवडलं. आपल्याकडच्या गोधड्या शिवणाऱ्या आज्यांच्या टाक्यातून असा कारखाना उभा राहिला असता तर, असं उगाच वाटून गेलं. पण मुळात तो पलंगपोस होता हो, काढून धुता येणारा!

शेवटी कपाटातल्या कोपऱ्यात, जिथे कुणाला दिसणार नाही, पक्कडीने कार्पेट वर ओढून बघितलं. पन्नासच्या दशकातली घरं असली की खाली कधी कधी अस्सल ओकची जमीन निघते, आमच्या मैत्रिणीकडे निघाली आणि ती अजून त्याच धुंदीत आहे. आमच्याकडे खिळ्यांची पट्टी, चुरा झालेलं पॅड आणि प्लायवूड. ओक नाही म्हणून नवरा खूश, मी जरा खट्टू. पण एक फायदा आहे, कार्पेट निघालं की प्लायवूड खालच्या तुळयांना स्क्रूने घट्ट करता येतं आणि हॉलमधली ती करकर थांबते, रात्री फ्रिजकडे जाणारा प्रत्येक माणूस तिच्यामुळे पकडला जातो (मुलांचा या दुरुस्तीला जोरदार पाठिंबा आहे).

तर ठरलंय असं. खाली हॉल आणि डायनिंगला व्हिनाईलच्या पट्ट्या, म्हणजे गणपतीत पाटाभोवती रांगोळी काढता येईल आणि पंगतीत आमटी सांडली तरी फडकं मारलं की झालं. त्यावर हॉलमध्ये एक मोठा सुटा गालिचा, थंडीत अंथरायचा, एप्रिलमध्ये डेकवर टाकून बडवायचा. जिना आणि वरच्या खोल्यांना नायलॉनचं कार्पेट. रंग अजून ठरलेला नाही, नवरा परत बेजवरच आलाय. कॉन्ट्रॅक्टर गणपतीच्या आधी करून देतो म्हणाला, पण फर्निचर हलवायचे पैसे वेगळे मागतोय, म्हणून सध्या मित्रमंडळींना मिसळीचं आमिष दाखवून सोफा उचलायला बोलावणं चालू आहे, आणि आतापर्यंत होकार फक्त खाणाऱ्यांचे आलेत.