टो-आउटचा चोर सापडला: पुढचा रनर

अखेर आमच्या डीएनचे, म्हणजे बर्फावर शिडाने चालणाऱ्या छोट्या बोटीचे, आकडे जुळले. ही बोट तीन रनरवर, म्हणजे धारदार पात्यांवर घसरते: एक पुढे स्टिअरिंगचा आणि दोन बाजूंना, आडव्या फळीच्या टोकांवर. बोट रिकामी असो की सीटवर ८० किलो वाळूच्या गोण्या असोत, बाजूच्या रनरवर लावलेल्या लेझरच्या दहा मीटरवरच्या दोन ठिपक्यांमधल्या अंतरात आता जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडतो. मागच्या नोंदीपर्यंत हाच फरक नऊ मिलिमीटरच्या घरात होता आणि चॉक (फळीवर रनर धरणारे ठोकळे) कितीही वेळा सैल करून आवळले तरी हटत नव्हता. हटणार कसा, चॉक निर्दोष होते.

लक्षणं आधी सविस्तर येऊन गेली आहेत. इन्सर्ट रनर (लाकडी बॉडीच्या खाचेत स्टीलची पट्टी) लावले की कडक काळ्या बर्फावर डीएन ओढल्यासारखी चालायची, प्लेट (अख्ख्या स्टीलचे रनर) लावल्या की मोकळी सुटायची. धार दोन्ही सेटना एकाच जिगवर लावलेली, ९० अंशांची, क्राउन, म्हणजे धारेची लांबीतली हलकी कमान, तीही सारखी. इन्सर्टच्या धारेवर मात्र आतल्या बाजूच्या उतारावरच बारीक ओरखडे दिसत होते, आणि दोन्ही रनरवर. आतल्या बाजूने घासणं म्हणजे टो-आउट, रनरची पुढची टोकं एकमेकांपासून बाहेर वळलेली. तरीही वर्कशॉपमध्ये रिकाम्या बोटीवर दोन्ही सेट अगदी समांतर दाखवत होते.

हे इतकं मनावर घ्यायचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. वाऱ्याच्या तीन-चार पट वेगाने जाणाऱ्या बोटीला भासमान वारा, म्हणजे चालत्या बोटीवर जाणवणारा वारा, जवळजवळ नाकासमोरून लागतो. तो किती अरुंद कोनापर्यंत झेपेल हे शिडाचा रोध आणि बर्फावरचा रोध मिळून ठरवतात. रनर जरा घासला की तो कोन रुंदावतो आणि वेगाची कमाल मर्यादा खाली येते. मऊ बर्फावर हा दोष लपून राहतो, कडक बर्फावर लगेच उघडा पडतो.

आता मूळ मुद्दा. फळी कमानदार असते. मध्यावर वजन आलं की कमान सपाट होते आणि फळीची दोन्ही टोकं फिरतात. आमची फळी ८० किलोला ४० मिमी दबते. मध्यावर भार आणि दोन टोकांना आधार असं साधं गणित मांडलं, तर टोकाचा फिरकोन म्हणजे दबणुकीची तिप्पट भागिले २.४ मीटर, म्हणजे ०.०५ रेडियन, जवळजवळ तीन अंश. हे फिरणं फळीच्या स्वतःच्या पुढे-मागे जाणाऱ्या अक्षाभोवती होतं. तो अक्ष बर्फाला समांतर असेल तर रनर फक्त बाजूला कलतो, त्याची दिशा बदलत नाही. पण फळीची पुढची कड वर उचललेली असेल तर अक्षही तिरका होतो आणि कलण्यातला थोडा भाग दिशा बदलण्यात जातो. पुढची कड वर असेल तर भाराखाली टो-आउट, खाली असेल तर टो-इन, म्हणजे पुढची टोकं आत वळलेली.

अर्ध्या अंशाचा तिरकेपणा घेतला तर प्रत्येक रनर ०.०००४४ रेडियन वळतो. दहा मीटरवर दोन्ही ठिपके मिळून ८.७ मिमी सरकतात. आमचा नऊचा आकडा इथूनच येत होता.

हा अर्धा अंश आला पुढच्या रनरमधून. बोल्टाच्या केंद्रापासून धारेपर्यंतची उंची मोजली तर बाजूचे रनर दोन्ही सेटमध्ये सारखे आहेत, पण इन्सर्ट सेटचा स्टिअरिंग रनर प्लेटपेक्षा २० मिमी उंच आहे. पुढच्या रनरपासून फळीपर्यंत साधारण २.४ मीटर, म्हणजे नाक वर उचललं जाण्याचा कोन ०.४८ अंश. शिवाय बोट मागे कलल्याने ४.८८ मीटरच्या मास्टचं (डोलकाठीचं) टोकही चार सेंटिमीटर मागे जातं. इन्सर्टवर बूम (शिडाखालचा आडवा दांडा) खाली आल्यासारखी का वाटायची, याचं उत्तरही त्यातच होतं.

मोजणी कशी केली ते नीट लिहितो, कारण निम्मा गोंधळ मोजणीतच असतो.

दोन्ही रनरसाठी एकच लेझर ब्लॉक वापरायचा आणि तो दर वेळी त्याच दिशेला तोंड करून बसवायचा. स्वस्त पितळी लेझर मॉड्यूलचा किरण नळीच्या अक्षाशी समांतर नसतोच. पण एकच ब्लॉक दोन्हीकडे लावला की ही चूक दोन्ही ठिपक्यांना एकाच बाजूला ढकलते आणि त्यांच्यामधलं अंतर अबाधित राहतं. दोन वेगळे लेझर लावून वेळ वाचवण्याच्या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही. अंतर दोन ठिकाणी मोजायचं, रनरच्या अगदी पुढे आणि तिथून दहा मीटरवर. वजन टाकल्यावर रनर बाहेर सरकतात, त्यामुळे एकट्या लांबच्या आकड्याला काही अर्थ नाही, दोन्हींची वजाबाकीच खरी.

किरणाची उभी चूक मात्र अशी आपोआप कटत नाही. रनर तीन अंश कलला की उभी चूक थोडी आडवी होते, आणि दोन रनर विरुद्ध दिशांना कलत असल्याने ती बेरजेत येते. दहा मीटरवर किरण १० मिमी वर-खाली असेल तर एक मिलिमीटरचा खोटा टो दिसतो. म्हणून आधी किरण धारेला समांतर करून घ्यायचा, बाकी सगळं नंतर.

दुसरी अडचण जमिनीची. धारदार रनर काँक्रीटमध्ये रुततात आणि बाहेर सरकत नाहीत. धार फळीच्या खाली साधारण १५० मिमी असेल तर प्रत्येक रनरला साडेसात मिमी बाहेर जायचं असतं. तो अडला की फळी पूर्ण दबत नाही, वर पिळवटते, आणि दर वेळी नवा आकडा हाती येतो. प्रत्येक रनरखाली पत्र्याचे दोन तुकडे आणि मध्ये ग्रीस, एवढ्यावर हे मिटलं. वजन टाकल्यावर बोट दोन-तीनदा हलवून मग मोजायचं.

तिन्ही रनरखालची जागा एका पातळीत हवी. पुढच्या रनरखाली फरशी २० मिमी उंच असेल तर नेमका हाच दोष कृत्रिमपणे तयार होतो. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी पाहिली, तेवढी अचूकता पुरते. फळीवर डिजिटल कोनमापक ठेवण्यात फारसा अर्थ नाही. ते ०.१ अंश दाखवतं, आणि तेवढ्यात दहा मीटरवर पावणेदोन मिमी निघून जातात. रिकाम्या आणि भरलेल्या बोटीच्या टोमधला फरक हाच सर्वांत चांगला कोनमापक.

उपाय म्हणून आधी फळी आणि हलच्या (बोटीच्या धडाच्या) मध्ये, पुढच्या कडेला, १.५ मिमीची फायबरग्लासची पाचर घातली. फळी १८० मिमी रुंद असल्याने हा जवळजवळ अर्धा अंश होतो. फळीचे बोल्ट आवळून चॉक पुन्हा एकदा भाराखाली जुळवले, आणि सुरुवातीला सांगितलेला एक मिमी मिळाला. इन्सर्टवर प्रश्न संपला.

पण आता प्लेट लावल्या की तेवढाच टो-इन येणार. प्लेट लावताना स्टिअरिंग पोस्टवर (पुढचा रनर धरणाऱ्या दांड्यावर) २० मिमीचा स्पेसर टाकावा, असा विचार होता. हे लिहिता लिहिता तो सोडून देतोय. पोस्टवरची वाकवणारी तरफ तेवढीच लांब होते, आणि खडबडीत बर्फावर तो भाग आधीच सर्वांत जास्त मार खातो. इन्सर्टच्या बॉडीत २० मिमी खाली नवं छिद्र पाडलं तर ते स्टीलच्या खाचेला फार जवळ येतं. म्हणजे सरळ मार्ग एकच, स्टिअरिंग रनरची बॉडी प्लेटच्या उंचीला नवी बनवायची आणि पाचर काढून टाकायची. किती काटेकोर असावं याचा हिशोबही सोपा आहे. उंचीत ५ मिमीचा फरक राहिला तर दहा मीटरवर सुमारे दोन मिमी, तेवढं चालेल. दर मोसमात धार लावताना झिजणारं स्टील या हिशोबात कुठेच लागत नाही.

धारेच्या आघाडीवर मात्र मनापासून आनंद आहे. ४४०सी स्टीलवर साध्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पट्ट्या तापतात, धारेला निळी झाक येते आणि तिथला कडकपणा जातो. सिरॅमिक पट्टी महाग पडते, पण थंड कापते. १२० वरून २२०, मग ३२०, आणि शेवटी ६०० चा दगड हाताने, लांबीच्या दिशेने, बर (धारेवर उरलेली बारीक कोर) पूर्ण निघेपर्यंत. मध्यभागी २३० मिमी सपाट, तिथून दोन्हीकडे हलका क्राउन. डायल गेजवर दोन्ही बाजूच्या रनरचा क्राउन ०.०१ मिमीच्या आत जुळला आहे. इतकी जुळलेली जोडी या सेटवर आजवर नव्हती.

मेंडोटा तलावावर हिम पडून गेलंय, त्यामुळे खरी चाचणी पुढच्या स्वच्छ काळ्या बर्फापर्यंत थांबेल. शीड न चढवता ठरावीक अंतर ढकलून बोट किती घरंगळते ते मोजायचं आहे, आधी पाचरेसह इन्सर्टवर, मग पाचर काढून. दोन्ही वेळा चालक तोच हवा, आणि दोन्ही दिशांना मोजायला हवं, नाहीतर वारा आकडे बिघडवतो. तोवर नव्या बॉडीसाठी अॅश लाकडाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. इपॉक्सीला वीस अंशांच्या आसपास ऊब लागते आणि वर्कशॉप तेवढं गरम राहत नाही, म्हणून चिकटवण्याचं काम घरात आणावं लागेल. बोल्टाचं छिद्र मात्र बॉडी पूर्ण सुकून धार लावल्यावर, प्रत्यक्ष धारेपासून मोजूनच पाडणार.