साखर १६८ असूनही

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस होता आणि रुग्णाच्या उलट्या थांबत नव्हत्या. पोट मऊ होते, ताप नव्हता. श्वास मात्र खोल आणि जलद चालला होता. जुना मधुमेह असल्यामुळे रक्तातील साखर तपासली, ती १६८ आली, म्हणजे फार वाढलेली नव्हती. असा आकडा पाहिला की मधुमेहाच्या गुंतागुंतीची शंका मागे पडते, आणि उलट्यांचे खापर फोडायला भुलीची व वेदनाशामक औषधे असतातच.

त्या दिवशी राऊंडला आमच्या क्लिनिकल फार्मासिस्ट सहकारी सोबत होत्या. केसपेपरवरील यादीवर विसंबून न राहता रुग्णाच्या गोळ्या प्रत्यक्ष पाहण्याचा त्यांचा शिरस्ता आहे. नातेवाइकांनी दिलेल्या पिशवीतून त्यांनी डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधाची अर्धी संपलेली पट्टी काढली. यादीत तिची नोंद केवळ ‘हृदयाची गोळी’ अशी होती आणि शस्त्रक्रियेच्या दिवशीही सकाळी ती घेतलेली होती. “सर, कीटोन पाहून घेऊ या का?” त्यांनी विचारले. कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, भरपूर वाढलेले निघाले. धमनीतील रक्ताचा पीएच ७.१८ होता, म्हणजे रक्त धोकादायक प्रमाणात आम्लधर्मी झाले होते.

डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील औषधे मूत्रपिंडावाटे साखर बाहेर टाकतात. त्यामुळे उपवास आणि शस्त्रक्रियेचा ताण यांमुळे शरीर चरबी जाळू लागले, कीटोन साचून रक्त आम्लधर्मी झाले, तरी साखरेचा आकडा फारसा चढत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने याचा पहिला इशारा मे २०१५ मध्ये दिला. मार्च २०२० मध्ये, नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे किमान तीन दिवस, आणि त्यांपैकी एर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस, बंद ठेवावे, असा बदल औषधांच्या अधिकृत माहितीपत्रकात झाला. त्याच वर्षी मे महिन्यात डापाग्लिफ्लोझिनला हृदयाच्या अकार्यक्षमतेसाठी, मधुमेह नसलेल्या रुग्णांतही, मान्यता मिळाली. म्हणजे ज्या गोळीविषयी मधुमेहतज्ज्ञ सावध झाले होते, ती आता हृदयरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवरून येऊ लागली आणि शस्त्रक्रिया विभागात ‘हृदयाची गोळी’ म्हणून पोहोचली. माहिती कुठेही दडलेली नव्हती. ती प्रत्येक शाखेच्या दारात वेगवेगळ्या वेळी येऊन थांबली होती.

नवीन औषधाविषयी आपण उत्सुकतेने वाचतो. अवघड असते ते आपल्याला पाठ असलेले औषध पुन्हा वाचणे. दोन दशके वापरात असलेल्या, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या सिमव्हास्टॅटिनच्या ८० मिलिग्रॅम मात्रेवर स्नायूंच्या इजेमुळे २०११ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ती मात्रा हाताच्या सवयीने लिहिली जात होती. संगणकावरचे इशारेही इथे पुरेसे पडत नाहीत, कारण किरकोळ आणि गंभीर सूचना सारख्याच चौकटीत येत राहिल्या की डोळे त्या न वाचताच पुढे सरकतात. मला स्वतःला अमेरिकी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरील अलीकडील महत्त्वाच्या बदलांचा रकाना सर्वाधिक उपयोगी वाटतो. कोणता भाग कोणत्या महिन्यात बदलला, हे तिथे दोन-चार ओळींत कळते.

आमच्या रुग्णाला सलाइन आणि इन्सुलिन सुरू केले, आणि साखर घसरू नये म्हणून सोबत ग्लुकोजही दिले. औषधाचा परिणाम रेंगाळत असल्याने कीटोन उतरायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला, पण रुग्ण पूर्ण बरा झाला. त्यानंतर भूलपूर्व तपासणीच्या फॉर्ममध्ये या गटातील औषधांची नावे आणि शेवटची गोळी कधी घेतली, हा प्रश्न छापून घेतला. तो रकाना आता फार्मासिस्ट गोळ्यांच्या पट्ट्या पाहूनच भरतात.