तोरादोरा, दुसरी फेरी: कोण कोणाला काय हाक मारतं

मंडळी, पंचवीसच्या पंचवीस भाग काल रात्री संपले. ज्यांनी ‘तोरादोरा’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका अजून पाहिलेली नाही त्यांनी आधी पाहून या, कारण पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे.

पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात, सबटायटलवर डोळे खिळवून. या वेळी जपानी भाषेची एन-फोर परीक्षा पास झाल्यावर ठरवलं की सबटायटल बंद. अडलं तर तो प्रसंग परत लावायचा, तरीही नाही कळलं तरच सबटायटल. शेजारी एक दोनशे पानी वही. त्यात एकच गोष्ट टिपायची: कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारतं. ही कल्पना आमच्या क्लासमधल्या एका तासातून आली. आमच्या सेन्सेई (बाई) नावामागे लागणारे ‘कुन’, ‘सान’, ‘चान’ शिकवत होत्या आणि माझ्या कानात नायिका ताइगाचं ‘कितामुरा-कुन!’ वाजत होतं. कितामुरा म्हणजे तिला आवडणारा वर्गातला मुलगा, नायक रियूजीचा दोस्त. रियूजीला मात्र ती कधी ‘रियूजी-कुन’ म्हणत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

भाग १ ते ४

कथा आठवत असेलच. रियूजी ताकासूचे डोळे वडिलांसारखे, गुंडासारखे. स्वभाव मात्र असा की बुरशीचा डाग दिसला की हात शिवशिवतात. चॉपस्टिकच्या टोकाला कापड गुंडाळून त्याने स्वतःच एक काडी बनवली आहे, ‘ताकासू-बो’. खिडकीच्या खाचेत, नळाच्या मागे, जिथे बोट जात नाही तिथे ती जाते. ताइगा आइसाका शेजारच्या आलिशान इमारतीत एकटी राहते. त्याच इमारतीमुळे रियूजीच्या घरातलं ऊन गेलं आणि बुरशी धरली. शाळेत तिला ‘तेनोरी ताइगा’ म्हणतात. ‘तेनोरी’ म्हणजे हातावर बसणारा, माणसाळलेला छोटा पक्षी असतो ना, तसा. तळहातावर मावेल एवढीशी वाघीण!

पहिल्या भागात ताइगाने कितामुराला लिहिलेलं प्रेमपत्र चुकून रियूजीच्या दप्तरात जातं आणि रात्री ती लाकडी तलवार घेऊन त्याच्या घरात घुसते. पाकिटात तर पत्रच नसतं. मग भुकेने ती कोसळते आणि रियूजी चाहान (परतलेला भात) करून वाढतो. पहिल्या फेरीत हा प्रसंग मला फक्त विनोदी वाटला होता. आता दिसलं की या घासापासून पुढे ताइगा रोज त्या घरात जेवते, आणि त्याच्या आईला, यासुकोला, ‘याच्चान’ म्हणते. आईलासुद्धा लाडाच्या नावाने हाक! पूर्ण मालिकेत घर म्हणावं असं तिला हेच मिळतं.

सुरुवातीला ती रियूजीला कुत्रा ठरवून टाकते. दुसऱ्या भागाचं नावच ‘रियूजी तो ताइगा’, म्हणजे ‘रियूजी आणि ताइगा’. रात्री रस्त्यावर विजेच्या खांबाला दोघं मिळून लाथा घालतात, जगाला आपण कळत नाही म्हणून. मग तो सांगतो, वाघाच्या बरोबरीने उभा राहतो तो ड्रॅगन, म्हणून मी ड्रॅगन होईन. ‘तोरा’ म्हणजे वाघ, ‘रियू’ म्हणजे ड्रॅगन, ‘दोरा’ हा ड्रॅगनचा तुकडा. भाग संपतो तेव्हा वहीत ‘आइसाका’ आणि ‘ताकासू’ जाऊन नुसती पहिली नावं उरलेली असतात. पंचवीस भागांची प्रेमकथा, आणि अरेतुरेवर येणं दुसऱ्याच भागात उरकलेलं! त्यांना स्वतःला मात्र त्यात काही विशेष वाटत नाही. माझ्या मते अख्ख्या मालिकेची किल्ली इथेच आहे.

एक गंमत सांगते. आपल्याकडे शाळेतले मुलगे एकमेकांना ‘ए जोशी’, ‘ए शिंदे’ अशी आडनावाने हाक मारतात आणि ती जवळीक असते. कितामुरा रियूजीला ‘ताकासू’ म्हणतो ते मला चटकन असंच लागलं, दोस्तीचं. पण मिनोरी कुशिएदा, ताइगाची जिवलग मैत्रीण आणि रियूजीला आवडणारी मुलगी, ‘ताकासू-कुन’ म्हणते तेव्हा त्या ‘कुन’मध्ये एक अंतर राहतं. आडनाव तेच, पण हाकेत फरक. तो ऐकू यायला मला हे चारही भाग दोनदा पाहावे लागले.

भाग ५ ते १३

आमी येते आणि वहीची पानं भरायला लागतात. मॉडेल, गोड हसणारी, आणि पाठ वळली की खरी आमी. कितामुरा तिचा बालपणचा मित्र, म्हणून ती त्याला ‘युसाकु’ म्हणते आणि तो तिला ‘आमी’. ताइगा तिला ‘बाकाची’ म्हणते, मिनोरी ‘आमिन’. ती ताइगाला ‘चिबितोरा’ म्हणते, पिटुकली वाघीण. मिनोरीला ताइगाची हाक ‘मिनोरिन’. पोरी एकमेकींना नावं ठेवतात ती सगळी मायेची, हे ऐकताना फार गोड वाटतं.

पोहण्याच्या शर्यतीचा भाग (आठवा) भराभर पाहिला, कारण तो मला पाठ आहे. ‘रियूजी माझा आहे’ असं ताइगा सगळ्यांसमोर ओरडते तो हाच.

आमीच्या बंगल्यावरच्या सहलीत मात्र थांबले. रात्री मिनोरी रियूजीशी भुतांबद्दल बोलते. काही लोकांना भुतं दिसतात म्हणे, मला कधी दिसली नाहीत, तरी दिसावीत असं वाटतं. ती प्रेमाबद्दल बोलते आहे हे तेव्हाही कळलं होतं. या वेळी सबटायटल नव्हतं, म्हणून लक्ष आवाजाकडे गेलं. मिनोरीला आवाज देणारी युई होरिए एरवी तिला धबधब्यासारखं बोलायला लावते, आणि इथे एकेक वाक्य ठेवून ठेवून बोलते. हसणं आहे, पण वाक्याच्या शेवटी श्वास घेतल्यावर येतं. ते ऐकण्यासाठी मी चार वेळा मागे गेले.

सांस्कृतिक महोत्सव, वडिलांची वाट पाहणारी ताइगा, मग रियूजी आणि मिनोरी हातात हात घालून धावतात ते. इथे फार लिहीत नाही. लिहायला बसले की रडू येतं.

भाग १४ ते १९

आमी शाळेत दोन व्हेंडिंग मशिनच्या मधल्या फटीत पाय पोटाशी घेऊन बसते. ही जागा पहिल्या फेरीत माझ्या नजरेतून सुटली होती, तो नुसता एक विनोद वाटला होता. आता पाहिलं तर ती प्रत्येक मोठ्या गोष्टीच्या आधी किंवा नंतर तिथे असते, आणि रियूजीला खरं काही सांगायचं असेल तर तिथूनच सांगते. ख्रिसमसच्या आसपास ती त्याला सुनावते की तुमचं घरघर खेळणं चाललं आहे, तू बाबा, मिनोरी आई आणि ताइगा तुमचं मूल. सगळ्यांत उशिरा आलेल्या पोरीला सगळ्यांत आधी दिसतं. तरीही ती कायम त्या वर्तुळाच्या काठावर, दोन मशिनांच्या मध्ये. माझी सगळ्यांत आवडती व्यक्तिरेखा आता आमी आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

आणि मग एकोणिसावा भाग.

ताइगा सणाच्या रात्री घरी एकटी. रियूजी अस्वलाचा पोशाख घालून येतो, कारण सांताक्लॉजची वाट पाहणाऱ्या मुलीने अशा रात्री एकटं असू नये. ती हसते, मिठी मारते आणि मग त्याला मिनोरीकडे पिटाळते. तो जातो. घर रिकामं होतं. आणि तिला कळतं. अनवाणी पायांनी ती खाली धावते, रस्त्यावर उभी राहून ‘रियूजी’ म्हणून टाहो फोडते. ताइगाला आवाज देणारी रिए कुगिमिया रागीट, छोट्या चणीच्या नायिकांसाठी प्रसिद्ध, आणि इथे त्या आवाजात राग औषधालाही नाही. दुसऱ्या भागापासून तीच हाक ती रोज मारत आली आहे, जेवायला, भांडायला, काम सांगायला. शब्द एका अक्षरानेही बदललेला नाही. वहीत मी ती हाक लिहिली आणि पुढचा रकाना, ‘कशासाठी’, तसाच ठेवला.

मिनोरी हे सगळं पाहते. म्हणून तर थोड्या वेळाने ती रियूजीला तोंड उघडू न देता सांगते की भुतं न दिसलेलीच बरी. पहिल्यांदा मला तिचा राग आला होता. तेव्हा मी रियूजीच्या बाजूने पाहत होते. आज तिची टोपी, खाली गेलेली मान आणि परत ते हसणं पाहिलं, आणि जीव तुटला.

भाग २० ते २५

बर्फातला प्रसंग माझ्या वहीतला सगळ्यांत मोठा पुरावा आहे. स्कीइंगच्या सहलीत ताइगा उतारावरून घसरते, वादळात रियूजी तिला शोधून पाठीवर घेतो. अर्धवट शुद्धीत तिला वाटतं की हा कितामुरा. ‘कितामुरा-कुन’ म्हणत ती त्याला सांगते की काही केलं तरी रियूजी आवडायचा थांबत नाही. एकाच वाक्यात दोन्ही हाका, अदबीची आणि घरची. अदबीची ज्याच्यावर प्रेम आहे असं ती वर्षभर म्हणत होती त्याला, आणि घरची ज्याच्यावर खरंच आहे त्याला. तत्सुयुकी नागाई यांचं दिग्दर्शन आणि मारी ओकादा यांचं पटकथेचं काम इथे इतकं सरळ आहे की कुठेही जोर दिलेला नाही. (हीच जोडी, मासायोशी तानाका यांच्या पात्ररेखाटनासह, पुढे २०११ मध्ये ‘आनोहाना’ घेऊन आली. त्याची फेरी कधीतरी करणार.)

चोविसाव्यात मिनोरी कॉरिडॉरमधून धावते, पडते, नाकातून रक्त येतं, आणि तशीच बोलते. सॉफ्टबॉलसाठी ती इतक्या नोकऱ्या का करते, स्वतःचं सुख कुठे आहे हे तीच का ठरवणार, सगळं तिथे उलगडतं. मला आता तिचा निर्णय पटतो. दुःख आहेच, पण निर्णय तिचा आहे.

शेवटाबद्दल आपल्यात नेहमी वाद होतात, ताइगा का निघून जाते म्हणून. मला या वेळी तो पूर्ण योग्य वाटला. रियूजीच्या घरात पळून आलेली मुलगी म्हणून तिला राहायचं नाही. आईला तोंड देऊन परत यायचं आहे. आणि ती येते, पदवीदानाच्या दिवशी, वर्गातल्या कपाटात लपून. रियूजी आवडतेस म्हणतो, ती हनुवटीवर डोकं आपटते. हेच हवं होतं.

वहीचा हिशेब: ताइगा आणि रियूजी यांची हाक दुसऱ्या भागात ठरली आणि पंचविसाव्यापर्यंत तीच राहिली. मिनोरी आणि रियूजी यांच्या रकान्यात मी प्रत्येक भागाला लिहीत गेले, ‘ताकासू-कुन’, ‘कुशिएदा’. एवढं होऊन गेल्यावरही दोघांनी ते बदललं नाही. ते पान पाहून मी काल बराच वेळ तशीच बसले होते.

पुढे: २०११ च्या ब्लू-रे संचासोबत आलेला, जेवणाच्या डब्यावरचा ओव्हीए (टीव्हीवर न दाखवलेला जादा भाग) राहिला आहे, तो शनिवारी. मग युयुको ताकेमिया यांच्या मूळ कादंबऱ्या, एकूण दहा खंड, मार्च २००६ ते मार्च २००९. शेवटचा खंड आणि मालिकेचा शेवटचा भाग एकाच महिन्यात आले. पहिला खंड टेबलावर आहे, कांजीचा (जपानीतल्या चिनी चित्राक्षरांचा) शब्दकोश शेजारी, आणि वहीची साठेक पानं अजून कोरी आहेत.